दोन बोटे वाळू

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. माझा जन्म एका काचवाल्याच्या दुकानात झाला. त्याने मोठ्या काचेवर पट्टी ठेवून हिरकणी फिरवली, कर्रकन आवाज झाला आणि एका काचेच्या पाच काचा झाल्या. त्याच्या बायकोने त्या काटकोनात धरून ठेवल्या आणि त्याने सांध्यांमधून डिंकासारखा चिकट मसाला भरला. मसाला वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असे त्याने साऱ्या दुकानाला बजावले. तरी त्याच्याच बायकोने वाळला का म्हणून बोट लावून पाहिले. तिच्या अंगठ्याचा ठसा माझ्या एका सांध्यात अजून आहे.

माझे पहिले घर म्हणजे एक फोटो स्टुडिओ. तिथे माझ्यात पाणी होते आणि पाण्यात मासे होते. फोटो काढायला आणलेली लहान मुले भोकाड पसरू लागली की फोटोग्राफर त्यांना माझ्यासमोर आणून उभे करी. मुले नाक पुसत गप्प होत. पेटी किती छान आहे, असे लोक म्हणत. ते कौतुक माशांचे होते, पण मी ते आपल्या अंगाला लावून घेई. पुढे माझ्या एका सांध्यातून पाणी झिरपू लागले. फोटोग्राफरने पुन्हा मसाला भरला, मग आणखी एकदा भरला आणि शेवटी कपाळाला हात लावला. मासे कोणाच्या तरी घरी गेले. मी भंगारात गेले.

भंगारवाल्याच्या गाडीवरून मला एका शिंपीणबाईने उचलले. तिला मासे पाळायचे नव्हते, धाग्याची रिळे ठेवायची होती. तिचे दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला कात्र्या टांगलेल्या, खाली चिंध्यांचे पोते. मागच्या खोलीत ती राहत असे. शाळेचे गणवेश, उसवलेले खिसे, ढगळ झालेले कोट असे सगळे काम ती घेई. तिची सुई टोकदार होती आणि जीभ तिच्याहून टोकदार. नवी पँट महिन्याभरातच कमरेत घट्ट झाली अशी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली होती, "पँट तीच आहे काका, आतले काका वाढलेत." गिऱ्हाईकही हसले आणि पँट सैल करायला ठेवून गेले. माझ्या पोटात लाल, पिवळी, निळी रिळे होती. माझे दिवस बरे चालले होते.

शिंपीणबाईला एक धाकटा भाऊ होता. तो तेलाचा टँकर चालवी. वर्षातून एकदोनदा घरी येई, दोन दिवस घर डोक्यावर घेई आणि पुन्हा रस्त्याला लागे. एका दुपारी त्याच्या मालकाचा माणूस दारात आला. त्याच्याबरोबर भावाचे सामान होते, भाऊ नव्हता. वाळवंटातल्या रस्त्यावर टँकर उलटला होता. भाऊ वाचला होता, पण त्याच्या कमरेचे हाड मोडले होते आणि तो दूरच्या दवाखान्यात पडला होता. सामानात एक उशी होती, बूट होते आणि झाकणाला भोके पाडलेला एक पत्र्याचा डबा होता. खाण्याचे काही असेल म्हणून ताईने, म्हणजे आमच्या शिंपीणबाईने, झाकण उघडले. आतून एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले. तिने झाकण पुन्हा दाबून बसवले.

दवाखान्यातून भावाचा फोन आला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो डब्यातले जिवंत आहे का, हा. स्वतःच्या कमरेचे त्याने नंतर सांगितले. वाळवंटातला तो सरडा तापलेल्या डांबरावर मधोमध बसला होता. गाड्यांखाली चिरडेल म्हणून भावाने टँकर थांबवून त्याला डब्यात घेतला होता. पुढे झुडपे लागली की सोडू, असे त्याच्या मनात होते. झुडपे लागण्याआधीच टँकर उलटला.

ताईने माझ्यातली रिळे काढली आणि मला मागच्या खोलीत नेले. शेजारी एक इमारत बांधत होते, तिथून पोतेभर वाळू मागून आणली. सरड्याची तिला मनापासून किळस येत होती. डोळ्यांआड असलेला बरा, असे म्हणत तिने मला निम्म्याहून जास्त वाळूने भरले. वर मशीनचा जुना दिवा टांगला, डबा माझ्यात उपडा केला आणि माझ्यावर जाळीचे झाकण ठेवले.

मित्रांनो, तो सरडा वाळूच्याच रंगाचा होता. अंग रुंद आणि चपटे, शेपटी आखूड, तिच्यावर बोथट काट्यांची वलये. तो थोडा वेळ मान तिरकी करून उभा राहिला. मग एका पुढच्या पायाने त्याने वाळू ओढायला सुरुवात केली. पाय दमला की दुसऱ्या पायाने. साचलेली वाळू मागच्या पायांनी उडवून देई आणि पुन्हा ओढू लागे. बघता बघता त्याचे डोके गेले, पाठ गेली, आणि शेवटी शेपटीचे टोकही गेले. माझ्या मागच्या कोपऱ्यापर्यंत त्याने उतरते बीळ खणले, तळाशी येऊन वळला आणि शेपटीने तोंड बंद करून घेतले. अंगाला चहूकडून वाळू लागली तसा त्याचा श्वास संथ झाला. त्याचे पोट माझ्या तळाला टेकले होते. त्याची ऊब मला कळत होती. एवढा निवांत जीव माझ्यात कधी राहिला नव्हता. मासे सुंदर होते, पण ते कायम फिरतीवर असत.

रोज दिवा तापला की सरडा वर येई, अंग शेके, कोवळा पाला खाई आणि आपल्या घरी जाई. ताईची किळस हळूहळू कमी झाली. पाला टाकताना ती त्याच्याशी दोन शब्द बोलूही लागली. तो समोर नसे, त्यामुळे बोलणे तिला सोपे जाई.

मग भाऊ घरी आला. दोघांनी त्याला उचलून आणले आणि मागच्या खोलीत माझ्या शेजारी खाटेवर ठेवले. दरवाजाएवढा दिसणारा तो गडी पार वाळून गेला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. वाळूशिवाय काही दिसेना. कुठे आहे तो, असे त्याने विचारले. ताई म्हणाली, "खाली आहे. कधीतरी वर उगवतो, जेवतो आणि जातो. अगदी तुझ्यासारखा." भाऊ हसला. घरी आल्यापासूनचे ते त्याचे पहिलेच हसू.

पण खाटेवरचा दिवस फार लांब असतो. पुढच्या खोलीत मशीनची घरघर चाले आणि मागच्या खोलीत भाऊ छताकडे बघत पडून राही. सुरुवातीला त्याचे सोबती ड्रायव्हर येऊन गेले. पुढे त्यांच्या खेपा लांबल्या आणि येणे थांबले. भाऊ कूस बदलून माझ्याकडे तोंड करी आणि सरडा वर येण्याची वाट बघे. तो वर आला की भाऊ त्याला हाक मारी, आणि हाक ऐकताच तो खाली जाई. एके दिवशी भावाने ताईला वाळू काढून टाकायला सांगितले. नुसती वाळूच बघायची तर रस्त्यावर काय कमी बघितली, असे तो म्हणाला. सरड्याची ती सवय आहे, असू दे, असे ताई परोपरीने सांगत राहिली. तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "ताई, आम्ही दोघं एकाच गाडीतून वाचलोय. मला तो दिसायला हवा."

तिने भांड्याने वाळू उपसून बादलीत भरली. बीळ ढासळले. माझ्या तळाशी फक्त दोन बोटे वाळू उरली. त्या वाळूत सरड्याचे नुसते पंजे बुडत.

भाऊ वाईट होता असे समजू नका. त्याच्याइतकी माया त्या जिवावर कोणी केली नसती. पाल्याची देठे तो खाटेवर पडल्या पडल्या खुडून काढी, पाने पुसून देई. थंडी वाटली की दिवा खाली घ्यायला लावी. सरड्याचे नाव त्याने वस्ताद ठेवले होते. दिवसभर तो वस्तादला रस्त्यांच्या गोष्टी सांगे. कुठल्या घाटात ब्रेक तापतात, कुठल्या ढाब्यावर झोप चांगली लागते. वस्ताद कोपऱ्यात डोके खुपसून, अंग जमिनीला चिकटवून, डोळे मिटून बसलेला असे. भावाला वाटे, तो ऐकतो आहे. माझ्या तळाला मात्र त्याच्या काळजाची धडधड लागत होती. ती आता कधीच संथ होत नव्हती. मला हे सांगता येत नव्हते. आरपार दिसू देणे एवढेच माझे काम, आणि त्याला नेमके तेच नको होते.

ताईने बटणांचा एक रिकामा खोका आत ठेवला. वस्ताद क्षणात त्यात शिरला. संध्याकाळी भावाने ताईच्या मागे लागून खोक्याचे तोंड आपल्या बाजूला फिरवून घेतले.

कपडे अंगावर घालून बघायला गिऱ्हाइके मागच्या खोलीत येत. भावाकडे बघून चुकचुकत, आणि भाऊ पांघरूण डोक्यावरून ओढून घेई. एकदा एका बाईने सरडा हलावा म्हणून माझ्यावर अंगठीने टकटक केली. वस्ताद खोक्यातून बाहेर पडला आणि काचेवर आपटत राहिला. भाऊ पांघरुणाआडच राहिला. बाई गेल्यावर ताई आत आली, खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, "तू पांघरुणात तोंड खुपसतोस, तेव्हा मी ओढून बाहेर काढते का तुला?"

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने खोक्याचे तोंड भिंतीकडे करायला लावले. तसे ते काही दिवस राहिले. मग एका फार लांबलेल्या दुपारी त्याने खाटेला टेकवलेल्या कुबडीच्या टोकाने माझे झाकण सरकवून, धडपड करत, स्वतःच ते पुन्हा आपल्याकडे वळवून घेतले.

उन्हाळा आला आणि वस्तादचे काहीतरी बदलले. त्याने खाणे टाकले, तरी पोट फुगत चालले. आणि तो खणू लागला. सकाळी दिवा लागल्यापासून मालवेपर्यंत खणतच राही. दोन बोटे वाळू एका झपाट्यात बाजूला होई आणि पुढे माझा तळ लागे. तो तळच खणू लागे. एका कोपऱ्यात जमले नाही की दुसऱ्या कोपऱ्यात जाई. उडालेली वाळू घरंगळून परत येई, ती पुन्हा ओढी. त्याच्या नखांचे ओरखडे माझ्या अंगावर उमटले. लोकांना वाटले, त्याला पेटीतून पळायचे आहे. पळायचे असते तर तो वर बघत राहिला असता. तो एकदाही वर बघत नव्हता. त्याला खाली जायचे होते, आणि खाली मी होते.

वस्ताद व्यायाम करतो, अंग धरतो, असे भाऊ कौतुकाने सांगे. नाचणारा सरडा बघायला शेजारची मुले येऊ लागली. मुले हसत आणि भाऊही त्यांच्यात हसे. घर पुन्हा भरल्यासारखे झाले होते. मित्रांनो, त्या हसण्यात मी उभी होते आणि माझ्या तळावर नखे घासत होती. काचेला मऊ होता येत नाही. एक इंचही खाली सरकता येत नाही. तडकावे म्हटले तर स्वतःहून तडकताही येत नाही.

पाला बदलताना ताईला माझ्या तळावर लाल ठिपके दिसले. तिने चष्मा लावून पाहिले. वस्तादची दोन नखे मुळापासून तुटली होती. तिने मशीनवरचे काम तसेच टाकले आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर गायीगुरांचे, कुत्र्यामांजरांचे. असला रुग्ण त्यांनी क्वचितच पाहिला होता, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांनी वस्तादला तळहातावर घेतले आणि पोट बोटांनी हलकेच चाचपले. मग हा नर नसून मादी आहे, असे ते म्हणाले. पोटात अंडी होती. नर नसल्यामुळे ती उबणार नव्हती, पण बाहेर पडायलाच हवी होती.

"अंडी घालायला हिला खोल, ओलसर आणि अंधारी जागा लागते," डॉक्टर म्हणाले. "ती मिळेपर्यंत ती अंडी धरून ठेवते. फार दिवस धरली की त्यातच जाते. किती दिवस असं खणतेय?"

भावाने तळावरच्या लाल ठिपक्यांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "मला वाटलं, खेळतोय."

एवढ्या लहान जिवाचे पोट फाडणे आपल्याला जमणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. औषधाचे थेंब दिले. आधी वाळू भरा, तिचे अंग पुरते बुडून वर तेवढीच वाळू आणखी उरेल इतकी. सगळ्या बाजू झाका. आणि कोणी बघू नका. उशीर झाला आहे, पण बघू, असे म्हणून ते गेले.

ताईने पोतेभर वाळू आणली. आपल्याला उठवून बसव, असे भावाने तिला सांगितले. खाटेच्या कडेला बसून त्याने परातीत वाळूवर पाणी शिंपडले आणि मूठ वळेल इतकी ओली करत, घाम गाळत, एकेक परात कालवली. ताईने ती माझ्यात भरली. कपडे बेतायचा तपकिरी कागद कापून तिने माझ्या चारही बाजूंना चिकटवला. मग भावाने वस्तादला दोन्ही हातांत घेऊन वाळूवर ठेवले. त्याने हात काढण्याआधीच तिने पहिली मूठ वाळू ओढली होती.

कागदामुळे मला बाहेरचे काही दिसेनासे झाले. मला ती मात्र कळत होती. अशक्त झाली होती. चार वेळा ओढी आणि थांबे. पण वाळू आता संपत नव्हती. मधे मधे विसावत ती मागच्या कोपऱ्यापर्यंत, अगदी माझ्या तळापर्यंत आली. तिथे वळली. तिने बिळाचे तोंड बंद करून घेतले आणि कितीतरी दिवसांनी तिच्या काळजाची धडधड हळू झाली. मग एक अंडे माझ्या तळावर आले. आणखी एक आले. थोड्या वेळाने आणखी. सगळी नाही आली. तिने बाकीच्यांसाठी जोर केला, पुन्हा केला, आणि मग तो सोडून दिला. तिचे पोट माझ्या तळाला टेकलेले होते. त्याची ऊब वाळूच्या उबेइतकी झाली. धडधड लांब लांब पडू लागली, आणि मग पडली नाही.

बाहेर भाऊ सांगत होता, कोणी कागदाला हात लावायचा नाही.

त्याने आपली खाट फिरवून घेतली, चुकूनही नजर जाऊ नये म्हणून. समोर नुसती भिंत आली. भिंतीकडे बघून कंटाळला तेव्हा त्याने कुबड्या मागितल्या. कळ सोशीत, घामाघूम होत तो पुढच्या खोलीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी तिथेच बसून बटणे लावू लागला. गिऱ्हाइकांच्या चुकचुकण्याला आता तो तोंड लपवत नसे. सरडा कुठे गेला, असे कोणी विचारले की म्हणे, "ती खाली आहे. दिसत नाही म्हणून नाही, असं थोडंच असतं?" हे तो इतक्या समाधानाने सांगे की त्याचा आवाज माझ्यापर्यंत येई. मित्रांनो, अवघ्या घरात मला एकटीला ठाऊक होते. आणि मला तोंड नव्हते.

ताई पाला बदलायला आली. आदला पाला तसाच पडून सुकला होता. तो उचलताना ती थांबली, खाली वाकली आणि वास घेतला. बाहेर भाऊ कोणाला तरी घाटातल्या ब्रेकची गोष्ट सांगत होता, आणि ऐकणारा हसत होता. ताई खाटेच्या कडेवर बसून राहिली. मग तिने सुकलेला पाला ओच्यात लपवला, वर ताजा ठेवला आणि बाहेर गेली. भावाने विचारले असावे, कारण तिने सांगितलेले मी ऐकले, पाला खाल्लेला दिसतोय.

असे तिने आणखी एकदा केले. त्यानंतर तिच्याने राहवेना. दुकान बंद केल्यावर ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"भाऊ, ती आता नाही रे."

"तू बघितलंस?"

"नाही. वास येतोय."

भावाच्या हातात एका लहान मुलीचा कोट होता. त्याने हातातले बटण शेवटच्या टाक्यापर्यंत लावले, दोरा दाताने तोडला आणि कोट घडी करून ठेवला. मग कुबड्यांवर आत आला. कागद सोलला. हाताने, हळूहळू, मागच्या कोपऱ्यातली वाळू बाजूला केली. ती तिथे होती, अंड्यांभोवती अंग वळवून. अंडी पिवळी पडून चेपली होती. भावाने वाकून तिच्या पाठीवरची वाळू फुंकली. मग थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. ताई फडके घेऊन आली होती, तिला त्याने हाताने थांबवले. बाजूला केलेली वाळू त्याने मूठमूठ करून पुन्हा तिच्या अंगावर घातली आणि वरून थापली.

"असू दे," तो म्हणाला. "आज नको बाहेर काढायला."

सकाळी त्यांनी ती सगळी वाळू तशीच मागच्या मोकळ्या जागेत नेऊन खोल पुरली. भावाला धड उभे राहता येत नव्हते, तरी शेवटची फावडी त्याने मारली.

भाऊ अजून दुकानात बसतो. आता कोट बेतायलाही शिकला आहे. पण रस्त्यांच्या गोष्टी तो फारशा सांगत नाही. मला त्यांनी पुन्हा रिळांसाठी ठेवले नाही आणि फेकूनही दिले नाही. मी मागच्या दारापाशी पडून आहे. आत धूळ आहे आणि कधीतरी वाऱ्याने आलेली पाने.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जीव असेल, आणि तो खाटेखाली, मातीत, खोक्यात कुठे लपला असेल, तर त्याला खुशाल लपू द्या. तो तुमच्यावर रुसलेला नसतो. तो दिसत नसेल तेव्हाही त्याचे जगणे तुमच्याच घरात चाललेले असते. आणि तो खणत असेल, घासत असेल, तर हसण्याआधी एकदा वाकून बघा, त्याला जायचे आहे तरी कुठे. मी काच आहे. मला कोणाच्या वाटेतून बाजूला होता येत नाही. तुम्हाला येते.